मैदानावरील मास्तर : कै. प्रदीपकुमार बॅनर्जी



क्रिकेटचा सामना चालू असला म्हणजे आपल्या घरांतील आजीबाईसुद्धां जपमाळ ओढतां ओढतां "किती झाल्या रे धांवा?" म्हणून विचारतात. फुटबॉलचें भाग्य आपल्याकडे तेवढें थोर नाहीं. दर चार वर्षांनीं जागतिक स्पर्धा भरली म्हणजे ब्राझिल, अर्जेंटिना, फ्रान्स हीं नांवें मुलांच्या जिभेवर नाचूं लागतात, रात्रीचीं जागरणें होतात, आणि स्पर्धा आटोपली कीं सारें सामसूम. "बाळ, आपल्या देशांत कोणी मोठा फुटबॉलपटू होऊन गेला काय रे?" असा प्रश्न मीं पुष्कळ मुलांना केलेला आहे. उत्तर देणारीं मुलें थोडीं, आणि जीं देतात तीं आजच्या एखाद्या खेळाडूचें नांव सांगून मोकळीं होतात.

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस कलकत्त्यास प्रदीपकुमार बॅनर्जी वयाच्या ८३ व्या वर्षीं निवर्तले. दोनच दिवसांनीं, २२ तारखेस, साथीच्या भयानें देशभर जनता-कर्फ्यू पाळला गेला, आणि त्याच आठवड्यांत सारा देश दारें लावून घरांत बसला. त्या धांदलींत एवढा मोठा माणूस गेल्याची वार्ता आपल्या बाजूस पुष्कळांच्या कानांवरून निसटून गेली. महिना-सव्वा महिन्यानें, ३० एप्रिल रोजीं, त्यांचे जन्माचे सोबती चुनी गोस्वामी हेहि गेले. तेव्हांहि दारें बंदच होतीं. म्हणून या थोर खेळाडूचें स्मरण आज उशिरानें कां होईना, पण स्वस्थपणें करावें असें मनांत आहे.

बंगाल्यांत त्यांना कोणी प्रदीपकुमार म्हणत नसे. वर्तमानपत्रांत ते 'पी. के.', आणि ज्यांना त्यांनीं शिकविलें त्यांच्या तोंडीं 'प्रदीपदा'. आपण जें 'दादा' म्हणतों त्याचा अर्धा तुकडा बंगाली माणूस नांवाच्या शेवटीं जोडतो, आणि त्यांत धाकटेपणाची सारी माया येते. ते खेळाडू म्हणून केवढे होते हें सांगण्यास पदकें आणि मानपत्रें आहेत. परंतु मी पडलों शाळामास्तर. माझी दृष्टि त्यांच्या दुसऱ्या उद्योगाकडे आधीं जाते. स्वतःला उत्तम खेळतां येणारीं माणसें कोणत्याहि पिढींत दहावीस सांपडतात. आपल्याला जें येतें तें दुसऱ्याच्या अंगांत उतरवितां येणारा एखादाच. प्रदीपकुमार हे त्या दुसऱ्या जातीचे होते, आणि ही विद्या त्यांना कोठून मिळाली, तिचें त्यांनीं काय केलें, हीच आजच्या भाषणाची गोष्ट आहे.

त्यांचा जन्म २३ जून १९३६ रोजीं उत्तर बंगालमधील जलपैगुडी येथें झाला. पुढील शिक्षण जमशेदपुरास, टाटांच्या पोलाद-कारखान्याच्या गांवीं. तें गांव तेव्हां बिहार प्रांतांत असल्यामुळें वयाच्या पंधराव्या वर्षीं हा मुलगा संतोष चषकाच्या स्पर्धेंत बिहारकडून खेळला. जागा उजव्या टोंकाची. जुने लोक जिला राइट-आउट म्हणत ती. १९५४ सालीं तो कलकत्त्यास येऊन आर्यन संघांत दाखल झाला, आणि पुढच्याच वर्षीं ईस्टर्न रेल्वेच्या संघांत.

कलकत्त्याच्या फुटबॉलविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहींतर पुढील गोष्टीचें मर्म कळावयाचें नाहीं. त्या शहरांत मोहन बागान आणि ईस्ट बेंगाल असे दोन मोठे संघ आहेत. पहिला १८८९ सालचा, दुसरा १९२० सालचा. पहिल्याचे पाठीराखे मुख्यतः पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी. दुसऱ्याचे पद्मा नदीपलीकडून आलेले, फाळणींत घरदार सोडून आलेले लोक. मोहन बागान जिंकला कीं कोळंबीचा भाव चढतो, ईस्ट बेंगाल जिंकला कीं हिलसा मासळीचा, असें तेथें विनोदानें म्हणतात. परंतु विनोदाखालीं जें आहे तें विनोदाचें नव्हे. बंगाली फुटबॉलपटूच्या मोठेपणाची कसोटी म्हणजे या दोहोंपैकीं एकाची जर्सी अंगावर चढणें. आणि नवल असें कीं, आपल्या काळचा हा अग्रगण्य खेळाडू या दोहोंपैकीं एकाहि संघाकडून खेळला नाहीं. १९५५ पासून १९६७ त खेळ सोडीपर्यंत तो रेल्वेचा होता. रेल्वेची नोकरी म्हणजे पहिल्या तारखेस हातीं पडणारा पगार. ज्याच्यावर घरचा भार आहे त्याला ही गोष्ट किती मोठी वाटते हें पगारदारांच्या घरांत मुद्दाम सांगावयास नको.

बरें, या रेल्वेसंघानें १९५८ सालीं कलकत्ता लीग जिंकून दाखविली. या दोन संघांबरोबर तिसरा मोहमेडन स्पोर्टिंग धरला, तर या तिघांबाहेरच्या एखाद्या संघाला ती लीग पुन्हां जिंकण्यास २०१९ साल उजाडावें लागलें. मध्यें ६१ वर्षें लोटलीं. यावरून त्या विजयाचें मोल कळेल.

आतां देशाच्या संघाकडे वळूं. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा संघ उतरला तेव्हां आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सनें आपल्याला २–१ असें हरविलें, तें केवळ आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या म्हणून. १९५२ त हेलसिंकीस मात्र युगोस्लाव्हियानें आपल्यावर १० गोल चढविले. आपण एक फेडला. बूट घालण्याची सक्ति त्यानंतर आली. आणि चारच वर्षांनीं, १९५६ त, मेलबर्नला आपल्या संघानें ऑस्ट्रेलियास ४–२ असें नमवून उपांत्य फेरी गांठली. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें तिथवर पोंचलेला आशिया खंडांतील तो पहिला संघ. त्या चार गोलांपैकीं तीन आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांचे. मुंबईकरांना या गोष्टीचा अभिमान असावा इतका तो दिसत नाहीं, हें जातां जातां नमूद करतों. त्या संघांत उजव्या टोंकाला वीस वर्षांचे प्रदीपकुमार होते. उपांत्य सामन्यांत पुन्हां युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल डिसोझांनीं केला, परंतु शेवटीं १–४ अशी हार झाली आणि आपल्या वांट्याला चौथा क्रमांक आला.

१९६० त रोमच्या ऑलिंपिकला प्रदीपकुमार कर्णधार होऊन गेले. हंगेरीशीं आपण १–२ असे हरलों. पुढचा सामना फ्रान्सशीं. बारा वर्षांपूर्वींच्या त्याच फ्रान्सविरुद्ध आपला गोल आधीं झाला, तो स्वतः कर्णधारानें केला. फ्रान्सनें तो उशिरां फेडला आणि सामना बरोबरींत सुटला. पुढें पेरूशीं हरून संघ घरीं आला. आज जगांतील क्रमवारी पाहिली तर फ्रान्सशीं बरोबरी ही गोष्ट आपल्याला स्वप्नवत् वाटेल. ती खरोखर घडलेली आहे. दुसऱ्या वर्षीं, १९६१ त, सरकारनें अर्जुन पुरस्कार सुरू केले, आणि फुटबॉलसाठींचा पहिला पुरस्कार प्रदीपकुमारांना दिला.

या सर्व वर्षांत संघाच्या पाठीशीं जो मनुष्य उभा होता, त्याच्याविषयीं बोलल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्यांचें नांव सय्यद अब्दुल रहीम; राहणारे हैदराबादचे; व्यवसायानें शाळाशिक्षक. रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानें आपल्या मुंबईंत येऊन १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें रोव्हर्स चषक नेला. शाळेंत शिकविणारा माणूस खेळ शिकवूं लागला म्हणजे काय होतें तें त्यांच्या पद्धतींत दिसतें. चेंडू पायांत घोळविण्याची मनाई असलेले सामने ते भरवीत, म्हणजे मुलाला तो ताबडतोब दुसऱ्याकडे देण्याची संवय लागे. ज्याचा उजवा पाय चांगला त्याला डाव्यानेंच खेळावयास लावीत. गणिताच्या मास्तरानें पाढा उलटा म्हणून घ्यावा तसाच हा प्रकार. अशा युक्त्या पुस्तकांत नसतात. ज्यानें चाळीस मुलांच्या वर्गाला रोज तोंड दिलें त्यालाच त्या सुचतात.

१९६२ सालीं जकार्त्यास आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. इंडोनेशियानें इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊं दिलें नाहीं. स्पर्धा-महासंघांतील आपले जी. डी. सोंधी यांनीं यावर जाहीर हरकत घेतली, आणि त्याचा राग सबंध भारतीय पथकावर निघाला. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. आपले खेळाडू मैदानावर आले कीं लाखभर प्रेक्षक हुर्यो करीत. त्यांत साखळींतील पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें आपल्याला २–० हरविलें. त्यानंतर थायलंड, जपान आणि उपांत्य फेरींत दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून आपण अंतिम फेरींत आलों, तों समोर पुन्हां तोच दक्षिण कोरिया. आपल्याकडची स्थिति काय? बचावाचा खांब जर्नेलसिंग, त्याच्या डोक्याला टांके पडलेले. त्याला रहीमसाहेबांनीं मागून काढून पुढें, सेंटर-फॉरवर्डच्या जागीं उभा केला. गोलरक्षक थंगराज आजारांतून नुकताच उठलेला. आणि स्वतः रहीमसाहेबांच्या शरीरांत कर्करोग शिरलेला. सामन्याच्या आदल्या रात्रीं त्यांनीं आपल्या मुलांजवळ सुवर्णपदकाची भेट मागितली, असें त्या संघांतील खेळाडू पुढें सांगत.

४ सप्टेंबर १९६२ रोजीं सेनायनच्या मोठ्या क्रीडांगणावर तो सामना झाला. १७ व्या मिनिटाला पहिला गोल प्रदीपकुमारांचा. तीनच मिनिटांनीं दुसरा, डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगाचा. कोरियानें शेवटीं शेवटीं एक फेडला, पण वेळ उरला नव्हता. त्या प्रचंड जमावांत आपल्या बाजूनें ओरडणारे लोक मूठभर, आणि त्यांत पाकिस्तानच्या हॉकीसंघाचे खेळाडू होते. ही आठवण आपल्या खेळाडूंनीं जन्मभर जपली. राजकारणाच्या बातम्यांत असल्या गोष्टींना जागा मिळत नाहीं, म्हणून ती येथें सांगितली.

पुढच्या वर्षीं, ११ जून १९६३ रोजीं, रहीमसाहेब वारले. आशियाई सुवर्णपदक त्यानंतर फुटबॉलमध्यें भारताला मिळालेलें नाहीं. २०२४ सालीं त्यांच्या जीवनावर 'मैदान' नांवाचा चित्रपट निघाला तेव्हां कोठें घरोघरीं हें नांव कळलें.

सांगावयाचें तें हें कीं, जकार्त्याचें पदक प्रदीपकुमारांच्या गळ्यांत पडलें, परंतु त्यांनीं तेथून खरें आणलें तें दुसरेंच. हरत आलेल्या, आजारी, परक्या देशांत शिव्या खाणाऱ्या अकरा माणसांना एका शिक्षकानें शब्दांनीं कसें उभें केलें, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें.

दुखापतींनीं जेरीस आणल्यामुळें १९६७ त त्यांनीं खेळ थांबविला. जपानमध्यें डेटमार क्रॅमर या नामांकित जर्मन शिक्षकाच्या हाताखालीं त्यांनीं रीतसर अध्ययन केलें. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेंत आपल्या संघाला ब्राँझपदक मिळालें, त्याच्या शिक्षणांत त्यांचा हात होता. आशियाई स्पर्धांतील आपल्या फुटबॉलचें तें आजतागायत शेवटचें पदक आहे.

१९७२ त ईस्ट बेंगालनें त्यांना शिक्षक म्हणून बोलाविलें. खेळाडू म्हणून ज्या दारांतून ते कधीं आंत गेले नव्हते, त्या दारांतून ते मास्तर होऊन गेले. १९७५ पर्यंतच्या चार वर्षांत त्या संघानें प्रत्येक वर्षीं लीगहि जिंकली आणि आय. एफ. ए. शील्डहि. १९७३ च्या शील्डच्या अंतिम सामन्यांत तर उत्तर कोरियाचा प्याँगयाँग सिटी हा संघ ३–१ असा हरविला. याच काळांत वर्तमानपत्रकारांनीं त्यांच्या बोलण्याला 'व्होकल टॉनिक' असें नांव दिलें. मराठींत 'वाणीचें औषध' म्हणावें तर तें वैद्याच्या पाटीसारखें वाटतें; म्हणून तो इंग्रजी शब्दच राहूं द्यावा.

काय असे तें टॉनिक? सामन्यापूर्वीं कपडे बदलण्याच्या खोलींत ते बोलावयास लागत. अंगावरची जर्सी ही आई आहे, तिची लाज राखा, असा त्यांचा सूर असे. आज हें वाचतांना कोणाला नाटकी वाटेल. परंतु सर्वांना एकच मात्रा ते देत नसत. एकाला चारचौघांत मानानें वागवावें, दुसऱ्याला कोपऱ्यांत नेऊन टोंचावें, तिसऱ्याशीं त्याच्या घरच्या गोष्टी बोलाव्या आणि सामन्याचें नांवहि काढूं नये. ज्याची जशी प्रकृति तसें अनुपान. हें कसब वर्गावर उभ्या राहिलेल्या माणसाला लगेच ओळखतां येतें. सुभाष भौमिक नांवाचा एक धिप्पाड फॉरवर्ड होता. त्याचे दिवस भरले असें लोक बोलूं लागले होते. १९७३ त प्रदीपकुमारांनीं त्याला ईस्ट बेंगालमध्यें घेऊन असा कांहीं घासून पुसून उभा केला कीं पुढचीं वर्षें तो प्रतिपक्षाच्या बचावाला धडकी भरवीत राहिला. या भौमिकाचें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें पुन्हां येणार आहे.

३० सप्टेंबर १९७५ रोजीं शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट बेंगालनें मोहन बागानला ५–० असें हरविलें. सुरजित सेनगुप्त एक, श्याम थापा दोन, रणजित मुखर्जी एक, शुभंकर सन्याल एक. आज पन्नास वर्षें होऊन गेलीं तरी कलकत्त्यांत 'पांच गोल' एवढें म्हटलें कीं पुरें. त्या पराभवाच्या दुःखानें मोहन बागानच्या एका तरुण पाठीराख्यानें जीव दिला. पुढल्या जन्मीं खेळाडू होऊन याचा वचपा काढीन असें तो लिहून गेला होता. खेळाच्या वेडाचें कौतुक करणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. शब्दांनीं मनें पेटवितां येतात हें खरें. मैदानाबाहेर बसलेल्या लाखोंचीं मनें कोणीं विझवावयाचीं, याचें उत्तर त्या शहराजवळ तेव्हां नव्हतें, आणि आपल्याकडे क्रिकेटच्या बाबतींत आज आहे असें मला वाटत नाहीं.

आणि मग काय झालें? पुढच्याच वर्षीं, १९७६ त, मोहन बागाननें प्रदीपकुमारांनाच आपल्याकडे बोलाविलें, आणि ते गेले! आपल्या पेशव्यांच्या काळांत एखादा सरदार निजामाकडे गेला तर जसा गहजब व्हावा तसा तो झाला. परंतु मास्तरची नोकरी अशीच असते. शाळा बदलली म्हणून विद्या बदलत नाहीं. त्या वर्षींच्या लीगमध्यें दोन्ही संघांची गांठ पडली, आणि सामना सुरू होऊन सतरा सेकंद होतात न होतात तोंच महंमद अकबरानें मोहन बागानचा गोल केला. सामना तेवढ्यावरच १–० असा संपला.

२४ सप्टेंबर १९७७ ही तारीख पुष्कळांना ठाऊक असेल. त्या दिवशीं कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि न्यूयॉर्कचा कॉसमॉस संघ यांचा सामना झाला, आणि कॉसमॉसकडून साक्षात् पेले खेळले. पावसानें मैदानाचा चिखल झालेला. शहर पेलेंना पाहावयास लोटलें होतें. मोहन बागान काय करतो याची फारशी कोणाला चिंता नव्हती. प्रदीपकुमारांना ती होती. गौतम सरकार या खेळाडूला त्यांनीं पेलेंच्या पाठीशीं सांवलीसारखा लावून दिला. श्याम थापा आणि महंमद हबीब यांनीं एकेक गोल केला, मोहन बागान २–१ असा पुढें गेला, आणि शेवटीं एका पेनल्टीनें कॉसमॉसनें कशीबशी बरोबरी साधली. त्याच मोसमांत मोहन बागाननें शील्ड, दिल्लीचा ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स असे तीनहि चषक जिंकले. कूपरेजच्या त्या लांकडी बांकांवर बसून रोव्हर्सचे सामने पाहिलेलीं माणसें आजहि मुंबईंत आहेत. १८९१ पासून चालत आलेली ती स्पर्धा नव्या शतकाच्या आरंभीं बंद पडली. एवढ्या मोठ्या शहराला तिची फारशी चुकचुक लागली नाहीं, याचें मला वाईट वाटतें.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्रदीपकुमारांच्या टॉनिकाची टर उडविणारे लोक होते, आणि ते अडाणी नव्हते. त्यांत अग्रगण्य अमल दत्त. हेहि मोठे शिक्षक. इंग्लंडला जाऊन अभ्यास करून आलेले. त्यांचें म्हणणें, फुटबॉल हा डोक्याचा आणि रचनेचा खेळ आहे, भाषणांचा नव्हे. आणि पाहतां पाहतां देशाच्या संघाची पडझड होत होती हें कोण नाकारील? १९८२ त दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत प्रदीपकुमारांच्याच हाताखालचा संघ उपांत्यपूर्व फेरींत सौदी अरेबियाकडून अगदीं शेवटच्या मिनिटांत एका गोलानें हरला. आपल्या घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांपुढें. शब्द होते, भावना होती. परंतु मध्यंतरींच्या वीस वर्षांत इतर देशांनीं लहान मुलांपासून जी शिस्तवार तयारी केली होती ती आपण केली नव्हती. एक शिक्षक कितीहि चांगला असला तरी पहिलीपासून नववीपर्यंत शाळाच नसेल, तर मॅट्रिकच्या वर्गांत तो काय करणार?

असें असूनहि मी अमल दत्तांचा पक्ष पुरता घेऊं शकत नाहीं. परीक्षेच्या आदल्या दिवशीं दिलेला धीर वर्षभराच्या अभ्यासाची जागा घेत नाहीं, हें खरें. परंतु वर्षभर घोकंपट्टी केलेला मुलगा केवळ भेदरून जाऊन कोरा पेपर टाकून येतो, हेंहि मीं पाहिलें आहे. आणि या वादाचा एक निकाल तर जाहीर मैदानावरच लागला.

१३ जुलै १९९७ रोजीं कलकत्त्याच्या सॉल्ट लेक क्रीडांगणावर फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना होता. मोहन बागानचे शिक्षक अमल दत्त, ईस्ट बेंगालचे प्रदीपकुमार. दत्तांच्या 'डायमंड' रचनेचा तेव्हां मोठा बोलबाला होता. मोहन बागान समोर येईल त्याला झोडपीत चालला होता. सामन्यापूर्वीं दत्तांनीं प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या नांवांची चेष्टा केली. कोणाला काकडी म्हटलें, कोणाला ऑम्लेट, आणि सिक्कीमच्या बायचुंग भुतियाचेंहि असेंच कांहीं वेडेंवाकडें नांव केलें. प्रदीपकुमारांना या वेळीं टॉनिक तयार करण्याची तसदीच पडली नाहीं. प्रतिपक्षानेंच तें आयतें करून दिलें होतें. तेवढें त्यांनीं मुलांच्या गळीं उतरविलें. सामन्याला १ लक्ष ३१ हजारांच्या घरांत लोक आले होते. ईस्ट बेंगाल ४–१ असा जिंकला, आणि त्यांतले तीन गोल वीस वर्षांच्या भुतियाचे. मात्र अंतिम सामन्यांत गोंव्याच्या साळगांवकर संघानें याच ईस्ट बेंगालला २–१ असें हरवून चषक गोंव्यास नेला. अमल दत्तांना तेव्हां गालांतल्या गालांत हंसूं आलें असेल तर तें क्षम्य मानावें.

प्रदीपकुमारांचा मोठा काळ तरुण मुलांना शिकविण्यांतहि गेला. त्यांच्या बाळपणच्या जमशेदपुरांत टाटांनीं फुटबॉलची प्रबोधिनी काढली, तेथें १९९१ पासून १९९७ पर्यंत ते तांत्रिक संचालक होते. पद्मश्री १९९० त मिळाली. जागतिक फुटबॉल-संघटनेनें २००४ त आपला सन्मान दिला. शेवटच्या काळांत कंपवातानें आणि स्मृतिभ्रंशानें त्यांना ग्रासलें. ज्यानें जन्मभर शब्दांवर संघ उभे केले, त्याच्याजवळून शब्दच निघून जावे, याहून क्रूर तें काय असेल!

त्यांचे दोन जिवलग खेळगडी, चुनी गोस्वामी आणि सिकंदराबादकडचे तुलसीदास बलराम. या त्रयीवर जकार्त्याचा आपला पुढचा फळा उभा होता. गोस्वामी क्रिकेटहि उत्तम खेळत. १९७१-७२ च्या रणजी चषकाच्या अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार तेच होते. बलराम १६ फेब्रुवारी २०२३ रोजीं गेले. त्रयी संपली.

भारतीय फुटबॉल महासंघानें प्रदीपकुमारांचा जन्मदिवस, २३ जून, हा लहान मुलामुलींच्या फुटबॉलचा दिवस म्हणून पाळण्याचें ठरविलें, हें फार योग्य झालें. पुतळ्यापेक्षां तें बरें.

आतां तें भौमिकाचें नांव. प्रदीपकुमारांनीं १९७३ त सांवरलेला हा सुभाष भौमिक खेळ सोडल्यावर स्वतः शिक्षक झाला. २००३ सालीं ईस्ट बेंगालचा संघ त्याच्या हाताखालीं आग्नेय आशियांतील क्लबांच्या स्पर्धेसाठीं परदेशीं गेला. २६ जुलै रोजीं अंतिम सामन्यांत थायलंडच्या बी. ई. सी. तेरो सासाना संघाला त्यानें ३–१ असें हरविलें. गोल करणारे तिघे : माइक ओकोरो, गोंव्याचा आल्विटो डि'कुन्हा, आणि १९९७ चा तोच भुतिया. सामना झाला तें गांव जकार्ता, आणि मैदान सेनायनचें, जेथें ४१ वर्षांपूर्वीं १७ व्या मिनिटाला प्रदीपकुमारांनीं पहिला गोल केला होता आणि बाजूच्या रेषेपाशीं हैदराबादचे एक आजारी शाळामास्तर उभे होते.